कागदाआधी माणूस



नागपूरच्या जरीपटक्यात सिंधमधून आलेले दोन प्रकारचे लोक राहतात. १९४७ च्या फाळणीत घरदार टाकून आलेल्यांना संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली. त्यांच्यामागून, पुढच्या दशकांत सीमा ओलांडून आलेल्यांना मात्र पाकिस्तानी पारपत्र आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा यांवर वर्षे काढावी लागली. भाषा एक, विस्थापनाचे दुःख एक. फरक केवळ कागदाचा.

एरवी हा फरक कचेरीच्या खिडकीपाशी जाणवतो. महामारीत तो जिवावर बेततो. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने नागपूर हवालदिल झाले, तेव्हा लसीसाठी देशभर ठरावीक सात ओळखपत्रांपैकी एक मागितले जात होते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील अल्पसंख्याक निर्वासितांना २०१६ पासून आधार काढण्याची मुभा होती; पण ज्याचा व्हिसाच मंजूर व्हायचा होता, त्याने काय दाखवावे? ६ मे २०२१ रोजी केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. तीत भटके, कैदी, भिक्षेकरी यांची नावे होती. निर्वासितांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. राजस्थानात हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. परदेशी पारपत्रावर नोंदणीची सोय झाली ती ऑगस्टमध्ये. तोवर लाट ओसरली होती.

दोष एखाद्या कारकुनाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे संरक्षण हा हक्क न राहता शासनाची मेहेरबानी ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकत्वाचे दार किलकिले केले, तेही धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख पाहून. ज्याचा कागद कच्चा, तो दवाखान्याची पायरी चढायला कचरतो. आणि लपवलेला रोग साऱ्या वस्तीचा होतो.

संविधानाने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये नागरिकांची आहेत. एकविसाव्यातील जीविताचे संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीचे आहे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच बजावले. नागरिकत्वाचा निवाडा यथावकाश होवो. लस, खाट आणि औषध यांपुरता तरी माणूस हाच पुरावा मानला पाहिजे. हा नियम पुढची साथ येण्यापूर्वी लिहिला गेला पाहिजे, कारण साथ आल्यावर लिहिलेला नियम वाचायला काही जण उरत नाहीत.