अस्सल पाचू आणि बिनतेलाचा पाचू



काल याच व्यासपीठावरून राज्यघटनेविषयी आपण ऐकलेत, उद्या संतवाङ्मयाविषयी ऐकाल. मधल्या दिवशी मी अंगठीवर बोलणार आहे असे कळवले, तेव्हा चिटणिसांनी ‘विषय हाच ना?’ म्हणून पुन्हा एकदा विचारून घेतले. विषय हाच. मी भूशास्त्राचा मास्तर. जन्मभर दगडांविषयीच बोलत आलो आहे. आज फक्त दगड जरा महाग आहे, एवढेच.

या दगडाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने दोन पाटल्या मोडल्या आणि सोन्याच्या अंगठीत पाचू बसवून घेतला. बुधासाठी की हौसेसाठी, हे मी तिला विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पेढीवर तिने एकच प्रश्न विचारला, ‘खडा अस्सल आहे ना?’ उत्तर आले, ‘अगदी अस्सल.’ दोनेक वर्षांनी खड्याला धरणारा एक आकडा सैल झाला. गल्लीतल्या सोनाराने जाळ मारून डाक लावला, अंगठी गरम साबणाच्या पाण्यात टाकली, घासली आणि परत दिली. खड्यात पांढऱ्या रेघांचे जाळे उमटले होते, तडकलेल्या बशीवर असते तसे. अक्का ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘अरे, मी फसले का रे?’

मी भिंग आणले आणि बराच वेळ गप्प बसलो. कारण खडा अस्सलच होता.

श्रोतेहो, घोटाळा इथे आहे. आपण ‘अस्सल’ हा एकच शब्द घेऊन दुकानात जातो आणि त्यात तीन प्रश्न कोंबतो. हा पाचूच आहे की हिरवी काच? पाचू असेल तर भूमीच्या पोटातला की प्रयोगशाळेतला? आणि भूमीतला असेल तर निघाला तसाच आहे की त्याच्यावर काही केले आहे? समोरचा मनुष्य यांतल्या सोयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ते खोटे नसते, पण पुरेसेही नसते.

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याकडे घरगुती परीक्षा पुष्कळ आहेत. खडा पाण्याच्या पेल्यात टाकावा, पाणी हिरवे दिसले म्हणजे खरा. हिरव्या बाटलीचा तुकडा टाकून पाहा, तोही उत्तीर्ण होईल! दुसरा प्रश्न अधिक कठीण. कॅरोल चॅथम या अमेरिकन गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात सान फ्रान्सिस्कोत पाचू तयार करून दाखवला. तो काच नव्हे. द्रव्य तेच, स्फटिक तोच, रंग आणणारे क्रोमियमही तेच. पूर्वी जवाहिरे एका विशिष्ट रंगीत काचेतून पाहत आणि खडा तांबडा दिसला की खरा मानत. प्रयोगशाळेतला पाचूही त्या काचेतून तांबडा दिसतो, आणि खाणीतले काही खरे पाचू दिसत नाहीत. तेव्हा डोळ्यांवर विसंबण्याचे दिवस गेले.

तिसरा प्रश्न अक्काचा. त्यासाठी पाचू जन्मतो कसा, हे थोडे पाहिले पाहिजे. पाचू म्हणजे बेरिल नावाचे खनिज. त्याला बेरिलियम लागते, आणि हिरव्या रंगासाठी क्रोमियम किंवा व्हॅनेडियम. आता बेरिलियम सापडते ते बहुधा ग्रॅनाइटाच्या कुळात, क्रोमियम अगदी निराळ्या जातीच्या काळ्याकुट्ट खडकांत. ही दोन घराणी सहसा एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. झांबियासारख्या ठिकाणी ती शेजारी आली आणि पाचू झाला. कोलंबियात मूझो आणि चिवोर येथे दुसरी रीत दिसते. तिथे काळ्या शेल खडकांच्या भेगांतून उष्ण खारे पाणी खेळले आणि त्यातून स्फटिक जमले. कसेही झाले तरी जन्म धामधुमीतला. म्हणून पाचूच्या अंगात भेगा असतात, बाहेरच्या द्रव्याचे कण असतात; कोलंबियाच्या खड्यात कधीकधी एका सूक्ष्म पोकळीत खारे पाणी, मिठाचा चौकोनी कण आणि वायूचा बुडबुडा असे तिघे एकत्र नांदताना दिसतात. फ्रेंच लोक या सगळ्याला पाचूतली ‘बाग’ म्हणतात. दोषाला इतके सुंदर नाव देणे फ्रेंचांनाच जमावे!

ही बाग गिऱ्हाइकाला नको असते. त्यावर व्यापाराने फार जुना उपाय काढला आहे, तो म्हणजे तेल. भजी बांधून आणलेला कागद आठवा. तेल लागले की कागद आरपार दिसू लागतो, कारण तंतूंमधली हवा जाऊन तिथे प्रकाशाला जवळजवळ कागदासारखेच वागवणारे द्रव्य येते. पाचूच्या भेगेत सीडर झाडाचे तेल मुरवले की नेमके तेच होते. भेग असते तिथेच, पण दिसेनाशी होते. बाजारातल्या बहुतेक पाचूंना असे काही ना काही केलेले असते, आणि बिनरंगी तेल हा धंद्यात मान्य असलेला रिवाज आहे. तेलात हिरवा रंग कालवला तर मात्र ती लबाडी. अलीकडे तेलाऐवजी कृत्रिम राळही भरतात. तेल काळाने सुकते, उष्णतेने आणि साबणाने निघून जाते. अक्काच्या खड्याचे तेच झाले. सोनाराने काही बिघडवले नव्हते. त्याने फक्त पडदा उचलला.

तेव्हा बिनतेलाचा, निघाला तसाच पाचू घ्यायचा असेल तर काय करावे? पहिली गोष्ट, अंगठी घेऊ नये, खडा घ्यावा. सुटा खडा तपासता येतो. बंद कोंदणात बसवलेल्या खड्याखाली चकाकता वर्ख आहे की दोन तुकडे चिकटवल्याचा सांधा आहे, हे तपासणाऱ्यालाही नीट दिसत नाही. जयपूर हे पाचू कापण्याचे जगातले मोठे ठाणे आहे आणि खडे तपासणारी प्रयोगशाळाही तिथे आहे. मुंबईतही सोय आहे. प्रयोगशाळा आपण निवडावी, विकणाऱ्याने नव्हे.

दाखला हाती आला की ‘नॅचरल एमराल्ड’ एवढे वाचून घडी घालू नये. त्या दोन शब्दांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तिसऱ्याचे नाही. खाली शेरा किंवा टीप असते, तिथे भेगा भरल्याविषयी लिहिलेले असते: काही नाही, अल्प, मध्यम किंवा पुष्कळ. तुम्हाला हवा आहे तो ‘काही नाही’ हा शेरा. ही ओळच नसेल तर तो दाखला तुमच्या कामाचा नाही. वजन आणि मापे पडताळून पाहा, छायाचित्र खड्याशी ताडून पाहा, आणि तारीख वाचा; कारण तपासणी झाली त्या दिवशी खडा कसा होता एवढेच दाखला सांगतो. नंतर त्याला कुणी तेलात बुडवला तर कागदाला त्याचा पत्ता नसतो. आणि दाखल्यात किंमत नसते, हेही ध्यानात असू द्या.

वजन कॅरटमध्ये घ्यावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर ठरलेले. रत्ती प्रत्येक पेढीवर सारखीच असते असे नाही. गंमत अशी की सोन्याचा कॅरट अगदी वेगळा. तो वजन सांगत नाही, शुद्धता सांगतो. मी तर पाचूसाठी १८ कॅरट, म्हणजे हजारात ७५० भाग सोने, हेच पसंत करीन. २२ कॅरट मऊ असते, आकडे लवकर वाकतात, आणि पाचू कठीण असला तरी ठिसूळ आहे. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण लागते. पण तो शिक्का सोन्याचा आहे, खड्याचा नव्हे! पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ ही तीन निरनिराळी लिहून घ्यावीत. नाहीतर खडा सोन्याच्या भावाने मोजला जातो.

आता माझे मत विचाराल तर सांगतो. स्वच्छ, गडद हिरवा आणि वर बिनतेलाचा पाचू फार दुर्मिळ असतो आणि त्याचा भाव त्या मानाने चढलेला असतो. दोन पाटल्यांच्या पैशात तो येत नाही; आला तर लहान येईल, फिका येईल, किंवा त्याची बाग उघडी दिसेल. अशा वेळी ‘अल्प तेल’ असा स्पष्ट शेरा असलेला चांगला खडा घेणे मला शहाणपणाचे वाटते. मला तेलाचा राग नाही. न सांगता तेलाच्या खड्याला बिनतेलाचा भाव घेतात, त्याचा आहे.

जाता जाता खाणीच्या नावाविषयी. ‘जुन्या खाणीचा’ म्हणून पाचू विकण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि ती खाण पूर्वेकडे कुठेतरी असावी असा समज होता. २००० साली काही फ्रेंच संशोधकांनी हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातले असे खडे ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तपासले. बहुतेक निघाले कोलंबियाचे, एक अफगाणिस्तानातल्या पंजशीरचा! स्पॅनिश लोकांनी ॲन्डीजच्या डोंगरातून काढलेला पाचू समुद्र ओलांडून हिंदुस्थानात यायचा, आणि त्याची एक मोठी पेठ होती पोर्तुगीजांचे गोवे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही ऐकीव नावावरच खरेदी केली होती. त्यांना प्रयोगशाळा नव्हती, एवढाच काय तो फरक.

अक्काचा खडा मी सुटा करून तपासायला पाठवला. दाखला आला: नैसर्गिक पाचू, भेगा पुष्कळ. पुन्हा तेल मुरवून देणारे लोक आहेत. खडा पूर्वीसारखा दिसला असता. मी तसे तिला सांगितले. ती थोडा वेळ विचार करीत बसली आणि म्हणाली, ‘नको. आता मला ठाऊक झाले ना, मग राहू दे असाच.’ मी तिला म्हटले, ‘अगं अक्का, लोक विचारतील.’ ‘विचारू देत. त्यांना तू सांग.’

म्हणून आज आपल्यापुढे उभा राहिलो. अंगठी तिने माझ्याबरोबर दिली आहे. टेबलावर भिंग ठेवले आहे, दिवाही चांगला आहे. ज्यांना बाग पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. फक्त खड्याला गरम चहाच्या कपाजवळ नेऊ नये.