रक्तातील आपपरभाव

बेंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची वसाहत आहे. तेथील कचेऱ्यांच्या दाराशी पहारेकरी असतात, आणि गळ्यातील ओळखपत्र पाहिल्यावाचून ते कोणास आत सोडीत नाहीत. माझा धाकटा भाऊ तेथे नोकरीस आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या कोपरांवर लाल चट्टे उठले आणि त्यांवर रुपेरी खपल्या धरू लागल्या. डॉक्टरांनी सोरायसिसचे निदान केले. जेवणाच्या सुटीत त्याचे सोबती हळूहळू दुसऱ्या मेजाकडे वळू लागले. "दादा, माझ्या अंगात असे कोणते जंतू शिरले आहेत?" असे त्याने मला विचारले. त्याचे उत्तर शोधताना मला रक्तातील पहारेकऱ्यांची ओळख झाली.

हे पहारेकरी म्हणजे पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणपणे ४,००० ते ११,००० असतात. तांबड्या पेशी मात्र तेवढ्याच रक्तात सुमारे ५० लक्ष! पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक असतात त्या न्यूट्रोफिल. जखम झाली की त्या प्रथम धावतात आणि जंतूंना गिळून टाकतात. हे गिळणे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ साली ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचा काटा टोचून ओळखले. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.

दुसरा वर्ग लिंफोसाइट पेशींचा. त्यांतील 'बी' पेशी प्रतिपिंडे तयार करतात. 'टी' पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात आणि इतरांना हुकूमही देतात. एकदा पाहिलेला शत्रू यांच्यापैकी काहींच्या स्मरणात राहतो. लस गुणकारी ठरते ती या स्मरणामुळेच.

परंतु शत्रूला मारण्याहून आपल्या माणसास ओळखणे अधिक कठीण. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तेथे 'टी' पेशींची जणू परीक्षाच होते. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तेथे नष्ट केल्या जातात, आणि उत्तीर्ण होतात त्या थोड्याच. तरीही काही निसटतात. सोरायसिसमध्ये अशाच 'टी' पेशी त्वचेला चिथावतात. एरवी सुमारे महिनाभराने नवी होणारी त्वचा मग काही दिवसांतच वाढून खपल्या धरते.

म्हणजे माझ्या भावाच्या अंगात परका कोणीच नव्हता. पहारेकऱ्यांनी घरच्यांवरच काठी उगारली होती. म्हणूनच हा रोग स्पर्शाने पसरत नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिराती आपण नेहमी वाचतो. पण येथे गरज असते ती शक्ती आवरण्याची. योगायोग असा की, त्याच इलेक्ट्रॉनिक सिटीतील बायोकॉन या कंपनीने, क्युबातील संशोधकांच्या सहकार्याने, इटोलिझुमॅब हे प्रतिपिंड विकसित केले आणि २०१३ साली सोरायसिससाठी बाजारात आणले. ते 'टी' पेशींवरील सीडी-६ या रेणूस चिकटून त्यांचा आवेग कमी करते. अर्थात असे औषध तीव्र रोगासाठी. पहारा ढिला केला तर जंतूंना वाट मिळण्याचे भय असतेच, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे.

भावाचा रोग सौम्य होता. त्याचे चट्टे मलमांनी आटोक्यात आहेत. पुरते गेलेले नाहीत. परंतु त्याच्या शेजारी बसून जेवावयास कोणत्याही औषधाची गरज नाही, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. आपल्यास परका समजण्याची चूक पेशींच्या हातून होते ती अजाणता. आपण ती जाणूनबुजून का करावी?