आठ की साठ?



नवी मुंबईच्या नेरुळमधलं सारसोळे हे आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण. सिडकोचं शहर त्याच्याभोवती नंतर उभं राहिलं. घरात आगरी बोली, डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलणारे, सिस्टर कधी केरळच्या. एक साधी सूचना तीन भाषा ओलांडून पेशंटपर्यंत येते.

साखर तपासण्यासाठी रक्त द्यायला आलेल्या मावशींना विचारा, "काही खाल्लंय?" त्या म्हणतील, "नाय." खोटं नाही हो! चहा आपण खात नाही, घेतो. दोन चमचे साखरेचा चहा पोटात, रिपोर्टवर मात्र 'उपाशीपोटी' आणि त्या आकड्यावर गोळी वाढते.

याहून धोक्याचा आहे डॉक्टरांचा सिस्टरला येणारा फोन. "इन्सुलिन आठ युनिट द्या." गोंगाटात 'आठ'चं 'साठ' व्हायला कितीसा वेळ? साठ युनिटांनी पेशंट बेशुद्ध पडेल, जिवावरही बेतेल. उपाय काय, तर ऐकलेलं लिहायचं आणि मोठ्याने परत वाचायचं: "आठ, सातानंतरचा आठ." फुकटचा उपाय. पण अडतं ते इथेच. पुन्हा विचारलं तर साहेब ओरडतील, ही भीती.

ही भीती ओळखली अतुल गावंडे यांनी. अमेरिकेतले सर्जन, वडील मूळचे आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी यादी आणली. त्यातला एक मुद्दा असा की, चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वाटतं पोरखेळ, पण एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे "सर, थांबा" म्हणायला कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. सगळं श्रेय नावं सांगण्याला नाही, हे खरं.

आणि पेशंट? "समजलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, "हो." आमवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची; रोज घेतली तर प्राणावर बेतू शकते. तिथे "समजलं का" नको. "मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" असं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

"सोमवारी एक. बाकीचे दिवस तिला हात नाय लावायचा."