डार्टमूरचे बांध

बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं ज्याला ठाऊक नाहीत, असा माणूस या सभागृहात सापडणं कठीण. आजचा विषयही बांधच आहे. फक्त भांडणारे जाऊन तीन हजार वर्षं उलटली.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, डार्टमूर हे ग्रॅनाइटचं पठार आहे. सर्वांत उंच माथा 621 मीटर; आपल्या सिंहगडाच्या निम्माही नाही. पण पाऊस, धुकं आणि वारा असा, की माळावर आज चरतात त्या मेंढ्या, गुरं आणि लहान चणीची तट्टं. याच रानातून दगडमातीचे बुटके वरंबे जातात. तिथे त्यांना रीव्ह म्हणतात. भर दुपारी शेजारून गेलात तरी लक्ष जाणार नाही. हिवाळ्यात नेचा वाळून आडवा झाला आणि ऊन तिरपं पडलं, की समोरच्या उतारावर समांतर रेघा उठून दिसतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते पाहिले होते. काहींना ते जुने रस्ते वाटले. पुढे विषयच मागे पडला. 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग आणि जॉन कॉलिस यांनी पायी हिंडून ते नव्याने नोंदले, तेव्हा कळलं की ही कांस्ययुगातली, इ.स.पू. 1500च्या आसपासची शेतं आहेत.

याच पठारावरच्या डार्टमीटचे बांध बघा. आपल्याकडे उतारावर ताल घालणारा पाण्याचा कल बघून आडवा जातो. हे बांध कल बघतच नाहीत. डार्ट नदीच्या खोल दरीपाशी येतात आणि पलीकडे त्याच दिशेने पुढे जातात. शेवटी एका आडव्या बांधाला टेकतात; त्याच्यापुढे माळ, म्हणजे सगळ्यांचं गायरान.

एवढी शिस्त कुणाच्या हुकमाने आली? फ्लेमिंग यांना राजा दिसत नाही, एकत्र ठरवणारा समाज दिसतो. दुसरे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट जॉन्स्टन म्हणतात, आराखडा नव्हताच. पिढ्यान्‌पिढ्या जुन्या रेषेला नवी जोडत हे घडलं. मला हे अर्धंच पटतं. डार्टमूरवरच्याच होन मूरच्या उत्खननात दगडी बांधाआधीचं लाकडी कुंपण सापडलं. म्हणजे रेषा आधीची, दगड नंतरचे, हे खरं. पण दरीपलीकडची दिशा जुळायला दोन्ही काठांची माणसं कधीतरी एकत्र बसलीच असणार.

या बांधांमध्ये काय चालायचं? पठारावरच्याच शॉ मूरला चिनी मातीच्या खाणीचा राडारोडा टाकायचा होता, म्हणून आधी उत्खनन झालं. तिथे बांधालगतच्या चरात जनावरांच्या खुरांचे ठसे मिळाले. परागकणही गवताचे भरपूर, धान्याचे थोडे. तेव्हा शेतं म्हटलं तरी इथे नांगरापेक्षा दावणीला महत्त्व होतं.

इ.स.पू. 1000च्या सुमारास ही वहिवाट मोडली. हवा गार आणि ओली झाली, जमीन आम्ल होत गेली; एकच कारण शोधण्यात अर्थ नाही. मध्ययुगात लोक पुन्हा वर चढले, हाउंड टॉरसारख्या वस्त्या केल्या, आणि त्याही उठल्या. पठाराच्या पूर्व कडेला मात्र कसणारे टिकले. तिथल्या काही चालू शेतांच्या भिंती आजही या रीव्हच्याच रेषेवर उभ्या आहेत.