वाडीत लाइन कधी येते

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हाचे आडवे झालेले खांब तुम्हाला आठवत असतील. अशा वेळी दुरुस्ती वरून खाली येते. आधी उपकेंद्र, मग 11 केव्हीची वाहिनी, मग डीपी, आणि शेवटी घराकडे येणाऱ्या तारा. दवाखाना, पाणीयोजना यांना पहिला मान. ते रास्तच आहे. आपल्या कातकरी वाड्या बहुतेक वाहिनीच्या टोकाला.

पण पुढचं ऐका. वाहिनी चालू झाली की उपकेंद्रात ती चालूच दिसते. आपल्या डीपीचा फ्यूज उडालेला तिथं दिसत नाही! गावात उजेड, वाडीत अंधार, आणि आपण म्हणतो, 'येईल लाइन.' कुणी कळवलंच नाही तर वायरमन येणार कसा? 1912 वर फोन करा, बिलावरचा ग्राहक क्रमांक सांगा. त्यासाठी बिल डब्यात जपून ठेवा, चुलीत घालू नका.

तुटलेली तार मेलेली समजू नका. पोरं, गुरं लांब ठेवा. डीपीला काठीसुद्धा लावायची नाही. रेंज नसेल तर दोघांनी चालत जाऊन वायरमनला सांगा, त्याच दिवशी.