रोग कोणत्या गावचा?



वाशीमच्या पद्मतीर्थात स्नान केल्याने एका राजाचा रोग गेला, ही आख्यायिका आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. जागा माणसाला बरे करते, असा सिद्धान्तच तीत आहे. १९९२ साली अमेरिकन भूगोलज्ञ गेस्लर यांनी त्याची शास्त्रीय मांडणी केली, ती वाचताना आम्हांस पद्मतीर्थच आठवले.

जागा आजारीही पाडते. चरकाने देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे भेद केले. (आमचा मुलूख यांत कोठे बसवावा? वैशाखात जांगल, श्रावणात गुडघाभर चिखल!) १९५० साली जॅक मे यांनी म्हटले की, रोगाची कारणे आणि परिसराची कारणे एका वेळी एका स्थळी जुळली तरच रोग होतो.

पण ते स्थळ कोणते? १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकी पसरली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढला. मृत्यू एका पंपाभोवती दाटलेले दिसले. परंतु दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवाही पटकीने गेली. चौकशी केली, तेव्हा कळले की त्या पंपाचे पाणी आवडते म्हणून ती रोज गाडीतून मागवीत असे. उलट पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले. ते ते पाणी पीतच नव्हते. म्हणजे मृत्यू हॅम्पस्टेडचा, रोग ब्रॉड स्ट्रीटचा.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या पठारावरचे पाणी काटेपूर्णेने तापीकडे जाते, पैनगंगेने गोदावरीकडे. काळ्या पाषाणात थोडेच मुरते. उन्हाळ्यात विहिरी आटतात, आणि माणसेही पाण्यासारखीच बाहेर पडतात, कोणी ऊसतोडीला, कोणी शहरात बांधकामावर. तेथे उघड्यावरचे पाणी, पालातला धूर, बुडालेली लस. बाई ताप घेऊन परतते आणि नोंद होते मानोऱ्याची.

१९९८ साली वाशीम जिल्हा झाला. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. लक्ष वेधले, हे चांगलेच झाले. पण जिल्हा म्हणजे झाकण लावलेली पेटी नव्हे. आमची मागणी लहान आहे: केसपेपरवर गावाच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी. गेले सहा महिने कोठे होता, आणि पाणी कोठले प्यालात?