कोपनहेगनची जत्रा

मी खटाव तालुक्यातलीच. दुधावरचं शिक्षण घ्यायला दीड वर्षापासून डेन्मार्कला आहे, सध्या सुट्टीत घरी आलेय. माझ्या विमानाच्या तिकिटासाठी आईला बचत गटानं कर्ज दिलं होतं. त्या गटातल्या बऱ्याच जणी आत्ता रेडिओ लावून बसल्या असतील, म्हणून आज एक गोष्ट कबूल करून टाकते.

तिकडं नाताळ म्हणजे आपली दिवाळीच. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी माणसं घरात जमतात, हात धरून झाडाभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. त्यासाठी जो तो आपल्या गावी निघतो. गेल्या वर्षी आमचं वसतिगृह आठवडाभर आधीच रिकामं झालं. आमच्या मजल्यावर मी एकटी उरले. त्यात तिकडं डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" मी सांगायचे, "हो, मैत्रिणींबरोबर." खोटं बोलत होते. लोणचं-भात खाऊन पांघरुणात पडलेली असायचे.

त्याच दिवसांत आईनं पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचा व्हिडिओ पाठवला. नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, गर्दी, पाठीमागं फिरणारा पाळणा. तो बघितला आणि मला खोलीत बसवेना. उठले आणि टिव्होलीला गेले.

टिव्होली म्हणजे कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरची बाग. १८४३ साली सुरू झाली, म्हणजे आपल्याकडं रेल्वे यायच्याही आधी. आत पाळणे, नाटकाचं थिएटर, खाण्याचे ठेले, आणि नाताळात झाडाझाडावर दिवे. नुसतं आत जायला तेव्हा आपले दोन हजारांच्या घरात पडत होते, पाळण्याचे वेगळे. दारात मी तीनदा मागं फिरले. हप्ता डोळ्यांपुढं येत होता.

शेवटी गेले. बाकीच्या पाळण्यांचं काही सांगत नाही, ते आता आपल्या यात्रेतही येतात. पण तिथं १९१४ सालची एक लाकडी घसरगाडी आहे, चढावरून खाली सुसाट सुटणारी. तिच्या प्रत्येक गाडीत मधोमध एक माणूस बसतो आणि हातानं ब्रेक लावतो. शंभर वर्षं झाली, अजून माणूसच. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसले. उतारावर अशी किंचाळले म्हणता! कित्येक दिवसांत माझा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला. तो मागं वळून हसला. खाली उतरून गरम गरम एब्लेस्किवर खाल्ले. आपल्या आप्प्यांसारखेच गोल, तसल्याच खळग्यांच्या तव्यावर करतात, फक्त वर पिठीसाखर आणि मुरंबा.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजले होते. दिवे बघून आई म्हणाली, "केवढ्याला पडलं गं तिकीट?" मी खरं सांगितलं, आणि बोलता बोलता रडले. एकटी आहे, तेही सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या ब्रेकवाल्याला पगार किती असंल?" त्यानंतर नाताळ संपेपर्यंत ती रोज दोनदा फोन करायची. मध्येच म्हणाली, "गटात बोलू नको, म्हणतील पोरगी पैसे उडवती."

मी वर्षभर बोलले नाही. आता घरी आल्यावर शेजारच्या काकूंकडून कळलं, की तो रथाचा व्हिडिओ त्यांनी काढलेला. आई त्या वर्षी यात्रेला गेलीच नव्हती. हप्ता भरायचा होता ना.

शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. यंदाच्या यात्रेला आम्ही दोघी जाणार आहोत. पाळण्यात बसायला आई तयार झालीय, पण म्हणते दुपारी बसू, ओळखीचं कुणी नसताना.